‘तात्पुरत्या’ खात्याचा आठवा महिना

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून):

वय २९. एका मोठ्या गुंतवणूक कंपनीच्या सेटलमेंट विभागात (झालेल्या सौद्यांचे हिशेब जुळवणारा विभाग) नोकरी. आठ महिन्यांपूर्वी ट्रेडिंग डेस्कवरच्या एका वरिष्ठांच्या हातून चुकीचा सौदा झाला. ‘तिमाही संपेपर्यंत तोटा एरर अकाउंटमध्ये (चुकीचे सौदे तात्पुरते ठेवण्याच्या खात्यात) राहू दे, मी भरून काढतो,’ असं ते म्हणाले. तो भरून निघाला नाही. तेव्हापासून दर महिनाअखेरीस पत्रलेखिका त्यांच्या सांगण्यावरून एक एंट्री टाकते, त्यामुळे खात्याची शिल्लक शून्य दिसते. दुसऱ्या दिवशी ती एंट्री उलटवली जाते. तोटा आता पहिल्या आकड्याच्या चौदा पट झाला आहे. ‘सरांनीच मला हे काम शिकवलं. माझी नोकरी जायची वेळ आली तेव्हा तेच मध्ये पडले. त्यांनी स्वतःसाठी काही घेतलेलं नाही, ग्राहकांचंही नुकसान झालेलं नाही. बाजार फिरला की सगळं सरळ होईल. मग मी त्यांच्याशी गद्दारी करू, की नोकरीशी? या वर्षी मला आजवरचा सगळ्यात मोठा बोनस मिळाला. डेस्कवर जागा देण्याचंही सरांनी कबूल केलंय. आणखी एक, माझ्या भावाकडे आमच्या कंपनीचे शेअर आहेत. त्याला निदान ‘विकून टाक’ एवढं तरी सांगू का?’

तुमच्या पत्रात ‘तात्पुरतं’ हा शब्द सहा ठिकाणी आहे. सरांचे उपकार चार ठिकाणी. डेस्कवरच्या जागेचा उल्लेख मात्र एकदाच, शेवटाकडे, घाईघाईत उरकलेला. तिन्हींबद्दल बोलू. आधी ‘तात्पुरतं’.

१९९२ मध्ये ब्रिटनच्या बॅरिंग्ज बँकेच्या सिंगापूरच्या कार्यालयात ८८८८८ क्रमांकाचं एक एरर अकाउंट उघडलं गेलं. तिथला ट्रेडर निक लीसन याने पुढे सांगितलं त्याप्रमाणे त्यात लपवलेली पहिली मोठी चूक त्याची स्वतःचीही नव्हती. हाताखालच्या नवख्या मुलीने २० कॉन्ट्रॅक्ट घेण्याऐवजी विकले होते, तोटा होता २०,००० पौंडांचा. मुलीची नोकरी वाचावी म्हणून आपण तो लपवला, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षाअखेर खात्यात २० लाख पौंडांचा तोटा साचला. १९९३ च्या अखेरीस २ कोटी ३० लाख. १९९४ च्या अखेरीस २० कोटी ८० लाख. मग १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, जपानी बाजार कोसळला, आणि फेब्रुवारी संपता संपता आकडा ८२ कोटी ७० लाखांवर पोचला. १७६२ साली स्थापन झालेली बँक एका पौंडाला विकली गेली. लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

हे आकडे तुम्हाला घाबरवायला दिलेले नाहीत. त्यांची चाल बघा. वीस हजार ते वीस लाख, वीस लाख ते दोन कोटी. तुमचा चौदा पटीचा आकडा याच वाटेवरचा आहे. बाजार वाईट होता म्हणून तोटा असा वाढत नाही. लपवलेला तोटा बुक करता, म्हणजे हिशेबात उघडपणे दाखवता येत नाही, म्हणून तो वाढतो. उघड असलेल्या तोट्याला स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या मर्यादेला सौदा बंद करायची सोय असते, कोणीतरी विचारणारा असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चा होते आणि पोझिशन, म्हणजे हातातला खुला सौदा, कापली जाते. लपवलेला तोटा कापायचा म्हणजे तो आधी कबूल करायचा, आणि नेमकं तेच करायचं नसतं. मग माणूस ॲव्हरेज करत जातो, म्हणजे तोट्यातल्या सौद्यात आणखी पैसे घालत जातो. मोठी पोझिशन घेतो, कारण लहान पोझिशनने इतका खड्डा भरणार नसतो. बुडत्याचा पाय खोलात, तो असा.

म्हणून ‘बाजार फिरला की सगळं सरळ होईल’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. बाजार कधीतरी फिरेलही. पण आठ महिन्यांत सरांना बाजाराने एकही संधी दिली नाही, हे तुम्हाला खरं वाटतं का? मला वाटतं संधी आल्या असतील. एखाद्या आठवड्यात तोटा अर्ध्यावर आला असेल, आणि तेव्हा ‘अजून थोडं, शून्यावर येऊ दे’ म्हणून सर थांबले नसतील. तुमच्याकडे तारखांसह आकडे आहेत. एकदा शांतपणे बघा.

आणि समजा सगळं भरून निघालं, तरी? जेरोम केर्विएलचं प्रकरण इथे आठवतं. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेत ट्रेडर असलेला तो खोटे सौदे दाखवून मोठमोठ्या पोझिशन झाकत होता. २००७ च्या अखेरीस तो तोट्यात नव्हता, उलट सुमारे १४० कोटी युरोंच्या नफ्यात होता, आणि तो नफाही त्याला लपवावा लागला, कारण इतका नफा आला कुठून हे सांगता आलं नसतं. काही आठवड्यांत, जानेवारी २००८ मध्ये, त्याच सवयीतून ४९० कोटी युरोंचा तोटा निघाला. उद्या तुमचं खातं खरोखर शून्यावर आलं, तरी आठ खोट्या एंट्र्या तिथेच राहतील. आणि सरांनी एक गोष्ट शिकलेली असेल: हे जमतं.

आता लोभाबद्दल. तुम्ही लिहिता की सरांनी स्वतःसाठी काही घेतलेलं नाही, म्हणून हा लोभ नाही. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. या धंद्यातला सगळ्यात चिवट लोभ पैशाचा नसतोच. आपण हरलो हे कोणाला दिसू नये, हा तो लोभ. वर्षानुवर्षं ज्याला ‘याचा हात चुकत नाही’ असं म्हटलं गेलं, त्याला तो लौकिक पगारापेक्षा प्यारा होतो. त्यापायी माणूस दुसऱ्याचे पैसे पणाला लावतो, आणि आपण काही घेतलं नाही म्हणून स्वतःला प्रामाणिकही समजतो. ग्राहकांचं नुकसान झालेलं नाही हे खरं मानलं, तरी त्यांच्या पैशांवर त्यांना न विचारता जोखीम चढवली गेली आहे. अजून कोणी बुडालेलं नाही, एवढंच तुम्ही आज म्हणू शकता.

सरांच्या उपकारांना मी कमी लेखत नाही. नोकरी जायच्या वेळी मध्ये पडणारा माणूस विरळा असतो, आणि ते ऋण खरं आहे. पण उपकार करणाऱ्या माणसाने परतफेड म्हणून काय मागितलं, हे बघण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यांनी तुमच्याकडे तुमची सही मागितली. एंट्री त्यांच्या नावाने होत नाही, तुमच्या लॉगिनने होते. आठही वेळा. चौकशी सुरू होते तेव्हा सिस्टीममध्ये तुमचं नाव, तारीख आणि वेळ असते. ‘सरांनी सांगितलं’ हे बहुधा कुठेच लेखी नसतं. तुम्ही पत्रभर स्वतःला साक्षीदाराच्या जागी ठेवलं आहे. तुम्ही साक्षीदार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळण्याआधी माझ्याकडून मिळावं.

बोनस आणि डेस्कवरची जागा इथेच येते. अमेरिकेतल्या बर्नार्ड मेडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्यात, जो डिसेंबर २००८ मध्ये उघडकीला आला, खोटी स्टेटमेंट छापणारे प्रोग्राम लिहिणारे दोघं होते. त्यांच्यावरच्या आरोपांनुसार २००६ मध्ये त्यांनी ‘आता आम्ही हे करणार नाही’ असं सांगितलं होतं. त्यावर मेडॉफने त्यांना हवे तितके पैसे देऊन खूश ठेवायला सांगितलं, पगार वाढला, वर बोनस मिळाला, आणि ते गप्प झाले. २०१४ मध्ये दोघंही दोषी ठरले आणि प्रत्येकी अडीच वर्षांची शिक्षा झाली. एकदा नकार दिला होता, यामुळे ते सुटले नाहीत.

तुमचा बोनस कामाचाच असेल, कदाचित. पण तुम्हालाही शंका आहे, नाहीतर तुम्ही तो पत्रात आणला नसता. म्हणून विचारते, आणि उत्तर मला नको, स्वतःलाच द्या: डेस्कवरची जागा कबूल झाली नसती, तर तुम्ही हे पत्र आठव्या महिन्यात लिहिलं असतं की दुसऱ्या? बोनसच्या रकमेला सध्या हात लावू नका. वेगळी ठेवा, आणि वकिलाला तिच्याबद्दल आपणहून सांगा.

भावाचा प्रश्न तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून विचारलात, पण घाईने पाऊल उचलाल ते तिथेच, अशी भीती मला वाटते. उत्तर सरळ नाही असं आहे. ‘विकून टाक’ नाही, ‘सध्या जरा जपून’ नाही, सूचक मौनही नाही. कंपनीतला हा तोटा बाहेर कोणाला ठाऊक नाही आणि तो कळला तर शेअरचा भाव हलेल. अशी माहिती देणं हा बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, देणाऱ्याने एक पैसा घेतला नसला तरी. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या संचालक मंडळावर असलेल्या रजत गुप्तांनी २३ सप्टेंबर २००८ ला बैठक संपल्यावर लगेच गुंतवणूक फंड चालवणाऱ्या राज राजरत्नमला फोन केला. वॉरन बफेंची कंपनी गोल्डमनमध्ये ५०० कोटी डॉलर घालणार, ही बातमी अजून जाहीर व्हायची होती, आणि बाजार बंद होण्याआधी राजरत्नमच्या फंडाने शेअर उचलले. त्या बातमीवर गुप्तांनी स्वतः सौदा केला नव्हता. तरी २०१२ मध्ये त्यांना दोन वर्षांची कैद आणि ५० लाख डॉलरचा दंड झाला. तुम्ही भावाला वाचवायला जाल आणि त्यालाही आरोपीच्या ओळीत उभं कराल. त्याचं नुकसान झालं तर ते नुकसान असेल, गुन्हा नसेल. तुमच्याकडे किंवा घरात आणखी कोणाकडे शेअर असतील, तर त्यांचंही तेच: सौदा नको.

मग करायचं काय? पहिली गोष्ट महिनाअखेरच्या आधी करायची आहे. ती एंट्री पुन्हा टाकायची नाही. आणि जुन्या एंट्र्यांना हात लावायचा नाही. दुरुस्त करायच्या नाहीत, मेल पुसायचे नाहीत, चॅट उडवायचे नाहीत. आजवर जे झालं त्याला कदाचित समजून घेणारं कोणी भेटेल, पुरावा पुसण्याला मात्र कोणी समजून घेत नाही. एक वही घ्या आणि आठवेल तसं लिहून काढा: कोणत्या तारखेला सर काय म्हणाले, कुठे उभे होते, तुम्ही काय विचारलं, एंट्रीचा क्रमांक, रक्कम. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवू नका, पेन ड्राइव्हवर घेऊ नका. गोपनीयतेचा भंग म्हणून तेच तुमच्यावर उलटेल. क्रमांक लिहिलेले असले की पुरेसं आहे, नोंदी सिस्टीममध्येच असतात.

मग वकील. स्वतःचा, आर्थिक गुन्ह्यांचं काम करणारा. कंपनीच्या कायदा विभागातली व्यक्ती कितीही प्रेमळ असली तरी ती कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही तिला विश्वासाने सांगितलेलं कंपनी तुमच्याविरुद्ध वापरू शकते. एका भेटीचा खर्च मोठा वाटेल, तरी करा. तक्रार कोणत्या शब्दांत द्यायची, कुठे द्यायची आणि तुमचा स्वतःचा सहभाग कसा मांडायचा, हे तिथेच ठरायला हवं. माहिती देणाऱ्याला संरक्षण किती, हे देशागणिक वेगळं असतं. अमेरिकेत २०१० च्या कायद्यापासून मोठ्या प्रकरणांत वसूल झालेल्या रकमेच्या १० ते ३० टक्के बक्षीसही मिळू शकतं, इतरत्र काहीच नसू शकतं. बक्षिसाचा विचार मनात आणू नका असं मी म्हणत नाही, पण ज्यात स्वतःचा हात आहे तिथे त्याची गणितं वेगळी असतात.

त्यानंतर लेखी तक्रार. कम्प्लायन्सकडे (नियमपालन विभागाकडे), रिस्क विभागाकडे किंवा अंतर्गत लेखापरीक्षणाकडे, वकील सांगेल तसं. डेस्कच्या प्रमुखांकडे नको, कारण त्यांचा बोनस सरांच्या आकड्यांवर ठरतो. पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी मेल पाठवून तारीख पक्की करा.

लेखीचा आग्रह मी का धरते, ते सांगते. मी पंधरा वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काम केलं. एकदा सेटलमेंटमधल्या एका तरुणाने मला जिन्यात गाठून एका खात्याबद्दल चाचरत काहीतरी सांगितलं. मी घाईत होते. ‘नीट बघून ये, मग बोलू,’ म्हणाले. तो परत आला नाही. चार महिन्यांनी ते खातं आमच्यापुढे आलं तेव्हा एंट्र्या त्याच्या नावावर होत्या, आणि ‘मी आधी सांगितलं होतं’ हे त्याच्या बाजूने सांगायला माझ्या आठवणीशिवाय काही नव्हतं. मी ते सांगितलं. पुरलं नाही. त्याने मला दोन ओळी लिहून दिल्या असत्या, किंवा मी मागितल्या असत्या, तर त्याचं पुढचं आयुष्य वेगळं झालं असतं. तो जिना मला अजून दिसतो.

तक्रार दिल्यावर वरून ‘तिमाही संपेपर्यंत थांबू या’ असं उत्तर आलं तर? तेव्हा नियामक संस्थेकडे जायचं. दाइवा या जपानी बँकेच्या न्यूयॉर्क शाखेत ट्रेडर तोशिहिदे इगुचीने बारा वर्षांत सुमारे ११० कोटी डॉलरचा तोटा लपवला, आणि जुलै १९९५ मध्ये स्वतःच बँकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून कबुली दिली. बँकेने ते अमेरिकी अधिकाऱ्यांना कळवायला दोन महिने लावले. इगुची तुरुंगात गेला, पण बँकेलाही ३४ कोटी डॉलरचा दंड बसला आणि अमेरिकेतला व्यवसाय गुंडाळावा लागला. मोठ्या खुर्चीतल्या माणसांनाही झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते. तुमचं काम ती उघडल्याची तारीख लिहून ठेवण्याचं आहे.

सरांना आधी सांगावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्या मनात आहे. ‘त्यांच्या पाठीत सुरा नको’ असं तुम्हाला वाटत असणार. मी यावर खूप विचार केला. दिवसभराची जरी सवड दिली, तरी त्या दिवसात ते तुमचं मन वळवतील, किंवा आणखी एक मोठा सौदा करून बघतील, किंवा नोंदी बदलतील, आणि इशारा दिल्याचा ठपका तुमच्यावर येईल. म्हणून आधी सांगू नका. वकिलाला भेटण्यापूर्वी ते स्वतःच म्हणाले, ‘चल, आपण दोघं जाऊन सांगू,’ तर वकिलाला फोन करून त्याच तासात निघा. ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणाले, तर ते येणार नाहीत.

पण तक्रार देताना एक गोष्ट जरूर सांगा: हा माणूस आठ महिने प्रचंड ताणाखाली आहे, त्याला बोलावून घ्याल तेव्हा एकटा सोडू नका, घरच्या कोणाला तरी बोलवा. या प्रकरणांत सगळं उघड होतं तो दिवस माणसाच्या जिवावर बेतू शकतो. त्यांच्या उपकारांची फेड करायची असेल तर ती अशी करता येईल. आणि जितक्या लवकर उघड होईल तितका त्यांच्या नावावरचा आकडा लहान राहील, हीही एक प्रकारची फेडच आहे. चौदा पटीवर थांबलेला माणूस आणि शंभर पटीवर पकडलेला माणूस यांना न्यायालय सारखं वागवत नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला आधीही आली आहेत, म्हणून इतरांसाठी थोडं. तुमच्या विभागात एखादा यशस्वी माणूस सुट्टीच घेत नसेल, सौदा करणारा आणि त्याची जुळवणी करणारा एकच असेल, साध्या प्रश्नाला ‘तुला या सौद्यांतलं कळत नाही’ असं उत्तर मिळत असेल, तर तो प्रश्न सोडू नका. केर्विएलने २००७ मध्ये जेमतेम चार दिवस सुट्टी घेतली होती. सलग दोन आठवड्यांची सक्तीची रजा अनेक संस्थांत असते ती याचसाठी: त्या काळात दुसऱ्याच्या हाती वही जाते. आणि प्रश्न विचारण्याने काय होतं म्हणाल, तर यूबीएस या स्विस बँकेच्या लंडन कार्यालयात ट्रेडर क्वेकू अडोबोलीचे सौदे जुळत का नाहीत, हे बॅक ऑफिसमधला एक हिशेबनीस विचारत राहिला. शेवटी १४ सप्टेंबर २०११ ला अडोबोलीने त्यालाच मेल लिहून कबुली दिली. तोटा तोवर २३० कोटी डॉलरवर गेला होता, पण पुढे वाढायचा थांबला. तो हिशेबनीस तुमच्याच खुर्चीत बसणारा होता.

तुमची नोकरी वाचेल असं मी म्हणू शकत नाही. कदाचित जाईल, आणि काही काळ या क्षेत्रात दुसरी मिळणार नाही. घरात हे कधी आणि किती सांगायचं, तेही वकिलाला विचारून ठरवा. भावाशी या दिवसांत पैशांचा विषयच काढू नका. त्याने विचारलं तर ‘ऑफिसचं मी घरी बोलत नाही’ एवढंच म्हणा. पुढे त्याला राग आला, तर तेव्हा खरं कारण सांगता येईल.

महिनाअखेरीला तुमच्या पत्राच्या तारखेपासून अकरा दिवस आहेत, त्यातले काही हे उत्तर पोचेपर्यंत गेले असतील. वकिलाची वेळ आजच घ्या. भेट झाल्यावर, तो हो म्हणाला तर, मला कळवा. कंपनीचं, सरांचं किंवा तुमचं नाव मात्र लिहू नका.